घर पाहावे विकून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने कोणी काढली, तो गृहस्थ म्हण काढून मोकळा झाला; पुढे काय होतं ते सांगायला थांबला नाही. लग्नाच्या बाबतीत मी काही बोलणार नाही, कारण माझे लेख छापायला जाण्याआधी घरी वाचले जातात. पण घराच्या बाबतीत मात्र त्या म्हणीला मला एक शेपूट जोडायचं आहे : घर पाहावे विकून. बांधताना माणसाला फार तर सिमेंटचा भाव कळतो. विकताना नातेवाईक कळतात.

झालं ते एवढंच. गेल्या वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी आमचा धायरीतला तीन बेडरूमचा फ्लॅट विकला, त्याच्यावरचं कर्ज फेडलं आणि तिथून दीड किलोमीटरवर, एका जुन्या सोसायटीत, दोन बेडरूमच्या घरात राहायला गेलो. माझं दिवाळं निघालं नव्हतं. घरात कोणाचं ऑपरेशन नव्हतं. मुलीला परदेशी पाठवायचं नव्हतं आणि शेअरबाजारात माझं काही बुडालं नव्हतं, कारण तिथे माझं काही नव्हतंच. पण 'मोठं घर विकून लहान घेतलं' हे वाक्य उच्चारलं की समोरच्याचा चेहरा असा काही पडतो, की वाटतं, आता हा चपला दाराबाहेर काढून हळूच विचारणार, "कधी गेले?"

मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, अडचण होती तर बोलायचं होतं. आम्ही काय मेलो होतो?" या मेहुण्याने २०१९ साली आमची शिडी नेली आहे आणि ती अजून त्याच्या गच्चीत आहे, त्यामुळे अडचणीच्या वेळी तो काय करतो याची मला चांगली कल्पना होती. खालच्या मजल्यावरचे काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असतात असे दिवस. पुन्हा येतील वर." एका मावशीने तर डब्यातून रव्याचे लाडू पाठवले. लाडू चांगले होते, म्हणून मी खुलासा करायची घाई केली नाही.

आता मला या सगळ्या सहानुभूतीशीच भांडायचं आहे. आपल्या मध्यमवर्गाने घराच्या बाबतीत एक नियम करून ठेवला आहे : घर फक्त वाढलं पाहिजे. वाड्यातल्या दोन खोल्यांतून वन रूम किचन, तिथून वन बीएचके, मग टू, मग थ्री. प्रत्येक वेळी वास्तुशांत, प्रत्येक वेळी पाहुण्यांना एकेक खोली दाखवत फिरवणं ("आणि ही मास्टर बेडरूम", जणू बाकीच्या बेडरूम त्याच मास्तरच्या विद्यार्थिनी) आणि प्रत्येक वेळी मोठं कर्ज. मधल्या काळात माणूस मात्र वाढायचा थांबलेला असतो. चाळिशीनंतर माणसाचं पोट सोडून काही वाढत नाही, आणि पोटासाठी तिसरी बेडरूम लागत नाही.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हणही आपलीच. पण तिचा अर्थ आपण बदलून टाकला आहे. आता आपण आधी पाय पसरतो, मग त्या मापाच्या अंथरुणासाठी बँकेत अर्ज करतो आणि मग वीस वर्षं त्या अंथरुणावर झोप येत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. मी बँकेतच कारकून आहे आणि कॉमर्सचा पदवीधर आहे. मोठ्या बँकांतल्या लोकांना घरासाठी सवलतीचं कर्ज मिळतं. आमची बँक लहान आणि सहकारी. तिचा सहकार सगळ्यांशी आहे, फक्त कर्मचाऱ्यांशी तो जरा बेताने आहे. त्यामुळे न्हाव्याने दुसऱ्या न्हाव्याकडे जावं, तसा मी दुसऱ्या बँकेकडे गेलो आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांच्या मुदतीने तीस लाखांचं कर्ज घेतलं. सही करताना मला शब्दाशब्दाचा अर्थ कळत होता. तरी केली. डॉक्टर सिगारेट ओढतात, तसंच हे.

आमच्या धंद्यात एक सुंदर शब्द आहे : तारण. तारणे म्हणजे वाचवणे, पैलतीराला नेणे. घर तारण ठेवलं, असं आपण म्हणतो. यात तरतं कोण? बँक तरते. आपण पाण्यातच असतो, फक्त आपल्या डोक्यावर छप्पर असतं. दुसरा शब्द हप्ता. हा शब्द बँक आणि गुंड दोघेही वापरतात आणि दोघांच्याही बाबतीत तो चुकला तर माणसं घरी येतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. तीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. (दर मधे चढला-उतरला, हिशेबाच्या सोयीसाठी तो स्थिर धरतो.) महिन्याचा हप्ता होतो २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात मी हे पैसे भरले तेव्हा मला वाटलं, चला, कर्ज तेवढ्याने उतरलं. त्यातले २१,२५० रुपये व्याजात गेले आणि मुद्दलातून वजा झाले ४,७८५. आठ वर्षांत ९६ हप्ते, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख रुपये भरून झाले. मुद्दल किती फिटलं? साडेसहा लाख. अजून साडेतेवीस लाख शिल्लक! पंचवीस लाख दिले आणि तिसातले साडेतेवीस उरले, हे मी माझ्या वडिलांना सांगितलं असतं, तर त्यांनी मला पुन्हा तिसरीच्या वर्गात नेऊन बसवलं असतं.

यात फसवणूक काही नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दलच मोठं असतं, म्हणून पहिली वर्षं व्याजाची आणि शेवटची मुद्दलाची. वीस वर्षं नेमाने भरलं तर तीस लाखांवर साडेबत्तीस लाख व्याज होतं. म्हणजे एक घर आपण घेतो आणि एक बँकेला घेऊन देतो, वर थोडा फर्निचरचा खर्चही देतो.

त्यात रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझा हप्ता एक रुपयाने वाढला नाही. मी खूश! पुढे पत्र आलं तेव्हा कळलं, की हप्ता जागेवर आहे, कर्जाची अखेरची तारीख मात्र माझ्या निवृत्तीची तारीख ओलांडून पलीकडे जाऊन उभी आहे. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं. पुढे २०२५ मध्ये दर उतरलेही. पण तोवर माझ्या मनाने घेतलं होतं, की निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेताना मी मनात पुढच्या महिन्याचा हप्ता मोजत असणार.

आणि हे सगळं कशासाठी? आमचा फ्लॅट कागदावर १,२०० चौरस फूट होता. मी टेप लावून मोजला तेव्हा आत ८३० भरला. बाकीचे ३७० फूट जिना, लिफ्ट, लॉबी आणि भिंती यांत होते. रेरा कायदा २०१७ मध्ये लागू झाल्यापासून नव्या प्रकल्पात चटई क्षेत्रावरच जागा विकावी लागते, पण माझी इमारत त्याआधीची. थोडक्यात, आठ वर्षं मी जिन्याचं व्याज भरलं. म्हणून शेवटी शेवटी लिफ्ट असूनही मी जिन्याने जात होतो.

तिसऱ्या बेडरूमला आम्ही 'पाहुण्यांची खोली' म्हणत होतो. आठ वर्षांत तिथे पाहुणे एकूण अकरा रात्री झोपले. (त्यातल्या चार रात्री मेहुणा. बहुधा तेव्हाच त्याने शिडी पाहून ठेवली असावी.) एरवी त्या खोलीत इस्त्रीचे कपडे, जुनं शिलाई मशीन आणि एक व्यायामाची सायकल राहत होती. खोली ११० चौरस फुटांची. आठ वर्षांत भरलेल्या साडेअठरा लाख व्याजातला तिचा वाटा काढला आणि त्याला अकराने भागलं, तर एका रात्रीचे बावीस हजार रुपये पडतात. एवढ्या पैशांत मी मेहुण्याला पंचतारांकित हॉटेलात ठेवला असता आणि शिडी वाचली असती.

हे गणित मी ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने मला चार मुद्दे ऐकवले. त्यांचा समाचार घेतो.

पहिला मुद्दा : "व्याजावर टॅक्स वाचतो." वाचतो ना! जुन्या करपद्धतीत, राहत्या घरासाठी, वर्षाला दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर. पण तीस टक्क्यांच्या पायरीवरचा माणूससुद्धा शंभर रुपये व्याज भरून जेमतेम तीस-एकतीस रुपये वाचवतो. तीस रुपयांसाठी शंभर घालवणं याला बचत म्हणायचं असेल, तर मी उद्यापासून रोज हॉटेलात जेवीन आणि बडीशेप फुकट मिळते म्हणून पैसे वाचवीन.

दुसरा : "हप्ता म्हणजे सक्तीची बचत." पहिल्या महिन्यात २६,०३५ रुपयांत ४,७८५ची बचत. अशी बचत पिशवीला भोक पाडूनही करता येते.

तिसरा : "जागेचे भाव काय वाढतायत! आत्ता विकणारा वेडा." भाव वाढले, कबूल. पण आपण राहतो त्या घराचा भाव वाढला म्हणून दुधवाल्याचं बिल त्यातून भागत नाही. ते विकून तेवढंच दुसरं घ्यायला जावं, तर त्याचाही भाव वाढलेला. वाढलेल्या भावाचे पैसे प्रत्यक्ष हातात यायला माझ्यासारख्या माणसाला एकच वाट आहे : मोठं विकून लहान घेणं. तिला मात्र लोक वेडेपणा म्हणतात. भिंतीवरच्या चित्रातला आंबा पाहत बसणं हे शहाणपण, आणि तो काढून खाल्ला तर वेड!

चौथा मुद्दा मोठ्या आवाजात कोणी मांडत नाही, पण पहिले तीन त्याच्याच बुडाखाली जन्मतात : "लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते मी ऐकलं. पाच मिनिटं म्हणतात, मग चहा मागतात. तो चहा लहान घरात लवकर येतो, कारण स्वयंपाकघर जवळ असतं.

इथवर गमतीने लिहिलं. आता एक गोष्ट सांगतो, ती कोणाला सांगितली नव्हती.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. संशय शिपायावर घेतला गेला. दुपारी त्याने बंडलं आत नेली होती, म्हणे. दुपारी तो माझ्यासमोर कपाटातून जुनी व्हाउचरं काढत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" मी व्हाउचरांकडे पाहत राहिलो. त्या महिन्यात माझी बदली घाटत होती. रोजचा प्रवास वाढला असता, रविवारी दोन दुकानदारांचे हिशेब लिहून मी वरचे पैसे मिळवत होतो ते सुटले असते, हप्ता अडला असता. शिपायाने घरून पाच हजार आणून भरले. पुढच्या सोमवारी चूक सापडली. एक नोंद दोनदा झाली होती. पैसे त्याला परत मिळाले. 'चुकलं' एवढा शब्द मात्र त्याला कोणी दिला नाही. मीही नाही. तो अजून मला रोज सकाळी हसून नमस्कार करतो आणि मी घाईघाईने पेन शोधायला लागतो.

मी भित्रा आहेच, ते सगळं मी बँकेवर ढकलत नाही. पण माझ्या भित्रेपणाला त्या हप्त्याने महिन्याच्या महिन्याला खुराक घातला, हेही खरं. माणसाच्या डोक्यावर कर्ज असलं की त्याची मान आपोआप खाली होते, आणि मान खाली असली की समोर काय चाललंय ते दिसत नाही. सोयीचंच असतं ते. त्या रात्री तिसऱ्या बेडरूममधल्या सायकलवर बसून मी पहिल्यांदा हिशेब केला.

तो हिशेब अखेर असा जमला. विक्री नव्वद लाखांना. त्यातून कर्ज साडेतेवीस लाख गेलं. व्यक्तीला दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे, त्यामुळे तिथे काही कापलं नाही. नवं घर छप्पन्न लाखांना. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ३ लाख ९२ हजार, नोंदणीचे ३० हजार, एजंटला दोन्हीकडचे मिळून दीड लाखाच्या आत, सोसायटीला हस्तांतराचे २५ हजार (यापेक्षा जास्त मागता येत नाहीत, मागतात, पण येत नाहीत), रंग आणि ट्रक दीड लाख. जुन्या घरावर मला झालेला नफा नव्या घराच्या किमतीपेक्षा कमी, आणि कायद्याला नफाच नव्या घरात गुंतलेला हवा असतो, सगळी विक्री नव्हे; म्हणून भांडवली नफ्यावरचा कर लागला नाही. सगळं होऊन तीन लाख उरले आणि महिन्याचे २६,०३५ सुटले. सोसायटीचा देखभाल खर्च निम्म्यावर आला तो वेगळाच.

नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. बायकोच्या बाल्कनीत चाळीस कुंड्या होत्या. नव्या खिडकीत अकरा बसल्या. बाकीच्या तिने शेजारीपाजारी वाटल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, तुमच्या हिशेबात कुंड्या कुठे धरल्या होत्या?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मुलीची खोली लहान झाली. सुरुवातीला तिने तोंड फुगवलं. आता रविवारी मी घरी असतो आणि तिच्या अभ्यासात लक्ष घालतो, त्यामुळे, "बाबा, ते दुकानाचे हिशेब अगदीच बंद केलेत का?" असं तीच मधून मधून विचारते.

आणि हेही सांगून ठेवतो, की हा उपाय सगळ्यांसाठी नाही. घरात म्हातारे आईवडील असतील, पोरं लहान असतील, किंवा घरावर मुळात कर्जच नसेल, त्यांनी हा लेख वाचून एजंटला फोन करू नये. माझं भांडण मोठ्या घराशी नाहीच. माझं भांडण त्या खोलीशी आहे, जी आपण लोकांना दाखवण्यासाठी ठेवतो आणि जिचं भाडं आपल्या रविवारातून, झोपेतून आणि वेळप्रसंगी दुसऱ्याच्या इभ्रतीतून देतो.

कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून लावला आहे. मला वाटलं, निदान चार दिवस तरी उशीर करतील. नाही केला. फाइल वेळेवर हातात पडली. आठ वर्षांत माझ्या घराचं मूळ खरेदीखत मी पहिल्यांदा मनसोक्त पाहिलं, आणि लगेच ते नव्या मालकाच्या स्वाधीन केलं. त्याने ते दुसऱ्याच दिवशी त्याच्या बँकेत नेऊन ठेवलं. बिचारा पस्तिशीतला आहे. मी त्याला लाडू पाठवणार होतो, पण बायको म्हणाली, "त्यांच्या घरात शकुनाच्या दिवशी तुमचं गणित नको."

तो शिपाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय. त्याच्या निरोप समारंभात दोन शब्द बोलायला मी स्वतःहून नाव दिलं आहे. आजवर मी समारंभात फक्त वेफर्स वाटले आहेत. पाच हजारांची हकीगत तेव्हा सगळ्यांसमोर सांगायची, असं ठरवलं आहे. अजून पाय लटपटतात, पण आता ते निदान माझ्या स्वतःच्या फरशीवर लटपटतात.

राहता राहिली दारावरची पाटी. जुन्या घराची मोठी सागवानी पाटी नव्या दाराच्या चौकटीत बसेना. सुताराने टेप लावला, डोकं खाजवलं आणि विचारलं, "साहेब, नाव कापू की आडनाव?" मी विचारात पडलो. आतून बायको म्हणाली, "काय हवं ते कापा. हप्ता कापण्यापेक्षा बरं."

सुताराचे चारशे रुपये मी रोख दिले.